मामा, हात लावू नका

वसईत कुणी विहीर खणायला काढली की पहिली कुदळ पडायच्या आत बांधावर चार माणसं जमतात. पाणी किती हातांवर लागेल, गोडं लागेल की मचूळ, हे त्यांना आधीच ठाऊक असतं आणि ते खणणाऱ्याने न विचारता सांगितलं जातं. घराचं जोतं, गणपतीचं मखर, मुलीचं स्थळ, सगळीकडे हीच रीत. घरी कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी जोडायचा असं मी ठरवलं, तेव्हा वाटलं होतं की निदान या कामात तरी बांध रिकामा राहील. अंदाज साफ चुकला. प्रोसेसर कशाशी खातात हे ठाऊक नसलेली माणसं आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. तो कसा बसवावा यावर मत नसलेलं मात्र एकही नाही.

पहिल्यांदाच कॉम्प्युटर जोडायला बसणाऱ्याला उपयोगी पडेल असं थोडंफार पुढे आहे. बाकीचं माझ्यावर काय बेतलं ते आहे. तांदूळ आणि खडे वेगळे करायचं काम वाचकाचं.

आमचा जुना कॉम्प्युटर तसा धडधाकट होता. म्हणजे बटण दाबून आंघोळीला गेलं की बाहेर येईपर्यंत चालू झालेला असायचा. खाऱ्या हवेने त्याचा मागचा पत्रा पार जाळीदार अनारशासारखा झाला होता, पण वसईत दाराच्या कडीपासून मोटरसायकलच्या सायलेन्सरपर्यंत लोखंडाचं हेच होतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या दिवशी विंडोज १० ची मुदत संपली. विंडोज ११ टाकावं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ती आमच्या म्हाताऱ्याकडे नव्हती. नाव लक्षात ठेवा, ते शेवटी परत येणार आहे.

नालासोपाऱ्याचा भाचा म्हणाला, "मामा, तयार कशाला घेता? आपण जोडू."

या 'आपण'मध्ये तो नव्हता हे मला नंतर कळलं. त्याला रविवारीसुद्धा ड्युटी असते.

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला मिक्सरचं भांडं एका झटक्यात बसत नाही."

मी तिला इतिहासाचे दाखले दिले. भारताला हवा तो क्रे महासंगणक ऐंशीच्या दशकात अमेरिकेने दिला नाही, म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० तयार झाला. त्याच्याही आधी, १९६० साली, इथे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक सुरू झाला होता. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह जोडले होते त्यात. "दोन हजार सातशे! आणि मला जोडायच्यात जेमतेम सात वस्तू," मी म्हणालो.

"त्यांनी डायनिंग टेबलावर जोडला होता का?" तिने विचारलं.

खरं म्हणजे आमच्या पिढीचा घरातला पहिला कॉम्प्युटर जोडलेलाच होता. २००१ साली एमएस-सीआयटी आली आणि ज्याच्या त्याच्या घरी कॉम्प्युटर हवासा झाला. 'ब्रँडेड' परवडत नसे, 'असेंबल्ड' घेतला जाई. हा शब्द लोक थोडा आवाज खाली करून उच्चारत, जसं 'लव्ह मॅरेज' म्हणत. प्रत्येक आळीत एक कॉम्प्युटरवाला मुलगा असे. तो स्कूटरवरून येई. खांद्याला सीडींचं पाकीट, खिशात एक स्क्रूड्रायव्हर आणि एक खोडरबर. दुखणं काहीही असो, तो कॅबिनेटचं झाकण काढी, रॅमची पट्टी उपटी, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घाशी, फूं करून फुंकर मारी आणि पट्टी परत दाबून बसवी. कॉम्प्युटर सुरू. दोनशे रुपये. नाहीच झाला तर तो गंभीर चेहऱ्याने म्हणे, "फॉरमॅट मारावा लागेल." या फॉरमॅटांमध्ये वसईतल्या किती मुंजी, किती बाप्तिस्मे आणि किती साखरपुडे कायमचे गेले याची कुठे नोंद नाही.

आम्ही त्या मुलाला मनातून भामटा समजत असू. आता त्याची माफी मागतो. खोडरबराने त्या सोनेरी पट्ट्यांवरचा मळ खरंच निघतो, पट्टी काढून घालताना सैल झालेला सांधा पक्का बसतो, आणि अर्धी दुखणी तेवढ्याने जातात. फुंकर मात्र मारू नये. फुंकरीबरोबर थुंकी जाते.

भाच्याने यादी पाठवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कूलर, एसएमपीएस, कॅबिनेट. यादीत ग्राफिक कार्ड नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही त्याच्यावर पत्ते खेळणार, मामा. पत्त्यांना प्रोसेसरमधलंच पुरतं."

पहिला कामाचा सल्ला असा की यादीतलं एक अक्षरसुद्धा दुकानात जाऊन बदलू नये. सुकेळी करायला राजेळी केळंच लागतं. बाजारात दुसरं केळं स्वस्त मिळालं म्हणून तेच उन्हात वाळत टाकलं तर जे हातात येईल त्याला वसईत सुकेळी कुणी म्हणणार नाही. इथेही तसंच. मदरबोर्ड डीडीआर ५ चा असेल तर डीडीआर ४ ची रॅम त्यात शिरतच नाही. पट्टीतली खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. प्रोसेसरचंही तसंच. भाच्याने लिहिलेला प्रोसेसर एएम५ सॉकेटचा होता, त्याच्या पोटाला १,७१८ ठिपके, आणि बोर्डावरच्या सॉकेटात तितक्याच केसासारख्या पिना. त्याच कंपनीच्या आधीच्या एएम४ ला पिना प्रोसेसरलाच असत आणि त्या १,३३१ होत्या. "थोडं दाबून बसवू" ही जी आपली राष्ट्रीय पद्धत आहे, ती इथे चालत नाही.

दुसरा सल्ला, काटकसर कुठेही करा, एसएमपीएसमध्ये करू नका. वीजपुरवठ्याचा हा लोखंडी डबा दिसायला सगळ्यांत मठ्ठ. ना दिवे, ना काच. पण आमच्या भागात वीज जाते त्यापेक्षा ती येते कशी हे बघण्यासारखं असतं. आधी पंखा भेलकांडतो, मग ट्यूबलाइट तीनदा डोळा मारते, मग फ्रिज दचकतो. हे सगळे धक्के अंगावर घेणारा कॅबिनेटमधला कर्ता पुरुष म्हणजे एसएमपीएस. स्वस्तातला घेतला तर जाताना एकटा जात नाही, मदरबोर्डाला बरोबर घेऊन जातो. आणि यूपीएस घ्याच. चालू लिखाण मध्येच अंधारात गेल्यावर माणूस जे बोलतो ते मुलांच्या कानावर पडू नये, एवढ्यासाठी तरी घ्या.

रॅमच्या भावाची गोष्ट दुःखाची आहे, म्हणून लवकर उरकतो. त्या दिवाळीच्या सुमारास जगभरातल्या एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीची अशी काही भूक लागली होती, की तुमच्याआमच्या रॅमचे भाव पावसाळ्यातल्या पापलेटासारखे चढत होते. एका शनिवारी भाव विचारला आणि "पुढच्या शनिवारी घेतो" म्हणालो. पुढच्या शनिवारी दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी गेल्या शतकातल्या दराने सोनं मागत होतो.

सुटे भाग आता घरपोच येतात. पण आमच्या पिढीला वस्तू हातात घेऊन, उलटी करून, "यात अजून काही होईल का?" असं विचारल्याशिवाय खरेदी झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोड. त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या चार वर्षांत मुंबईचे गव्हर्नर होते. ते गेले, त्यांचं साम्राज्य गेलं, पण टॅक्सीवाल्याला 'भडकमकर मार्ग' म्हणून बघा, तो तुम्हालाच पत्ता विचारेल. मी विरार फास्टने मुंबई सेंट्रलला उतरून चालत गेलो. ग्रँट रोड जवळ पडतं, पण त्यासाठी स्लो गाडी धरायची, आणि वसई-विरारच्या माणसाला फास्ट सोडून स्लोमध्ये बसणं म्हणजे पदावनती वाटते. हाही स्वभाव लक्षात ठेवा. पुढे तो मला महागात पडला.

रस्त्यावर पाऊल ठेवलं की फुटपाथवरची मुलं कानाशी लागतात, "बोलो साहब, लॅपटॉप, सीसीटीव्ही, रिपेअरिंग?" त्यांच्यामागे जाऊ नये. अरुंद जिना चढून गेलं की पहिल्या मजल्यावर देवघराएवढी दुकानं, आणि प्रत्येक दुकानात चार माणसं, तीन फोन आणि छतापर्यंत खोके. माझ्या दुकानदाराने यादी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत यादी वाचली.

"कुणी लिहून दिली?"

"भाच्याने."

"तरीच," तो म्हणाला. मग म्हणाला, "कॅबिनेट आरजीबीवालं घ्या, साहेब. पंख्यांत दिवे. रंग बदलतात. समोर पूर्ण काच."

मी म्हणालो, मला दिवे नकोत. तो मनापासून दुखावला. "दिवे नसलेलं हवं तर आतून शोधायला लागेल," तो म्हणाला, आणि खरंच पोऱ्याला माळ्यावर चढवून दहा मिनिटं शोधत राहिला. सापडलं नाही. अशा रीतीने मी दिवेवालं, पूर्ण काचेचं कॅबिनेट घेतलं. बिल मात्र पक्कं घ्या. 'बिलाशिवाय घेतलंत तर एवढ्याला देतो' हे वाक्य ऐकायला गोड लागतं, पण तीन वर्षांच्या वॉरंटीत बोर्ड बिघडला की ते वाक्य दाखवून काही मिळत नाही.

आता तो खोका घरी आणायचा.

दादरला चढायचा विचार कुणी मनातही आणू नये. मी उलटा चर्चगेटला गेलो आणि मालडब्यात बसलो. मालडबा हे पश्चिम रेल्वेवरचं एकमेव ठिकाण आहे जिथे वस्तू घेऊन येणाऱ्या माणसाकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. डबेवाले, फुलांच्या रिकाम्या पाट्या, कापडाचे गठ्ठे, आणि माझ्या शेजारी माशांची रिकामी टोपली घेऊन परतणारी एक कोळीण. तिने माझ्या खोक्याकडे पाहिलं. त्यावर काचेच्या प्याल्याचं चित्र होतं.

"कपबशा हायत का?"

"नाही मावशी, कॉम्प्युटर आहे."

"इतका मोठा?"

"रिकामा आहे. आतलं सामान पिशवीत आहे. घरी जाऊन जोडायचा."

ती थोडा वेळ विचारात पडली. "तयार मिळत नाय?"

"मिळतो की."

"मंग?"

या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परम ८००० तिला सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "स्वस्त पडतो." तिने लगेच विचारलं किती स्वस्त, आणि मी आकडा सांगितल्यावर टोपलीवर हात ठेवून इतकंच म्हणाली, "येवढ्यासाठी?" पण अंधेरीला गर्दीचा लोंढा आत आला, तेव्हा तिनेच आपली टोपली खोक्यापुढे आडवी लावली आणि ज्या आवाजात ती सकाळी सुरमई विकत असेल त्या आवाजात ओरडली, "काचंचं सामान हाय! पाय बघून टाका!" बोरिवलीपर्यंत कुणाची टाप नव्हती जवळ यायची. वसई रोडला मी उतरलो तेव्हा खोक्याला एक ओरखडा नव्हता. वास मात्र होता. अजून आहे. दमट दिवसात पंखा जोरात फिरला की हॉलमध्ये किंचित बोंबलाची झुळूक येते.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरून मी बसलो. पुस्तकी सल्ला असा की अंगातल्या स्थिर विजेने नाजूक भाग जळू शकतात, म्हणून मनगटाला पट्टा बांधा. कोरड्या हवेत, लोकरी कपडे घालणाऱ्यांच्या देशात हे खरं असेलही. वसईत भाजलेले पापड तासाभरात रुमालासारखे होतात आणि मीठ ओतायला चमच्याचा दांडा खुपसावा लागतो. इथे स्थिर विजेला उभं राहायला कोरडी जागा मिळत नाही. तरी मी अधूनमधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत होतो. बायकोला वाटलं मी नमस्कार करतोय.

प्रोसेसर उघडताना मला सोपाऱ्याची आठवण झाली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा तिथला उंचवटा खणला, तेव्हा आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात मोठी दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याची लहान लहान खापरं. बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत असं मानतात. माझ्यापुढेही तेच चाललं होतं. मोठा खोका, त्यात लहान खोका, त्यात पुठ्ठ्याची घडी, त्यात प्लास्टिकची डबी, आणि डबीत पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढा चौकोन. तोही शेवटी मातीच. चिपचं सिलिकॉन निघतं वाळूतल्या सिलिकापासून. मी हे मोठ्याने बोललो. बायको म्हणाली, "वैतरणेच्या रेतीला हा भाव मिळाला असता तर तुमचे काका आज कुठे असते."

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर असतो. त्रिकोणावर त्रिकोण. हातातून अलगद सोडायचा, दाबायचा नाही. मग लोखंडी दांडी खाली ओढून अडकवायची. ओढताना 'कर्रर्र' असा आवाज येतो. हा आवाज येणारच, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझ्या आयुष्याची निदान दोन वर्षं वाचली असती. तुम्हाला सांगून ठेवतो. कर्रर्र होतं. काही तुटत नाही.

मग थर्मल पेस्ट. प्रोसेसर तापतो, त्याची ऊब कूलरपर्यंत पोचवायला मध्ये हा राखाडी मलम लावायचा. किती? भाच्याने लिहिलं होतं, वाटाण्याएवढा.

"हिरवा की सुका?" बायकोने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. जगात लाखो लोक वाटाण्याएवढी पेस्ट लावत आले, पण हा प्रश्न कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फोन केला. भाचा कामात होता. "मामा, मध्यम," म्हणाला. मी सुका आणि हिरवा यांच्या दरम्यान काहीतरी पिळलं. कूलर बसवला, स्क्रू आवळले, हात झटकले, आणि मग खोक्याच्या तळाशी पडलेल्या कागदावर वाचलं की कूलरच्या बुडाचा पारदर्शक कागद आधी काढायचा असतो. काढला. पेस्ट पुसली. दुसऱ्यांदा लावली. या वेळी बायकोने लावली, बोटाने नव्हे, नुसत्या नजरेच्या अंदाजाने पिळून, जसं ती फोडणीत हिंग घालते. पुन्हा त्यात बदल करायची गरज पडली नाही.

तोवर बांधावर माणसं जमली होती. तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक, वरच्या मजल्यावरचा इन्शुरन्सवाला, त्याचा मुलगा, आणि रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका. काका काही बोलत नव्हते, खुर्चीत बसून बघत होते. बाकीचे बोलत होते.

मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी पक्का केला, नऊच्या नऊ, आणि लक्षात आलं की मागच्या खिडकीत बसवायचा पातळ पत्रा टेबलावरच राहिलाय. तो आधी बसवायचा असतो. नऊ स्क्रू परत काढले. या पत्र्याच्या कडा शेव्हिंगच्या ब्लेडला लाजवतात. रक्त निघाल्याशिवाय तो बसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिक्षक म्हणाले, वास्तूला रक्त लागणं शुभ असतं. असं शास्त्रात कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही.

पण खरी परीक्षा पुढच्या बटणाच्या तारांची. पॉवर, रीसेट आणि दिव्यांच्या चार-पाच बारीक वायरी बोर्डाच्या कोपऱ्यातल्या पिनांवर बसवायच्या. पिना टाचणीच्या टोकाएवढ्या, त्यांच्याखालची अक्षरं मुंगीने पाय पुसावेत एवढी, आणि माझा चष्मा वाचायचा वेगळा, लांबचा वेगळा. कॅबिनेटमध्ये डोकं घालून, एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसऱ्यात वायर, आणि मागून चार आवाज, "अधिक वजा बघा हां!" पन्नाशीच्या माणसाने हे काम बोर्ड बाहेर असतानाच करून घ्यावं म्हटलं तर वायरी कॅबिनेटला चिकटलेल्या असतात. उपाय एकच. घरात दहावीतली मुलगी असावी. आमची आली, वाकली, "हे काय, एवढंच?" म्हणाली, आणि अर्ध्या मिनिटात परत आपल्या खोलीत गेली.

सगळं जोडलं. बटण दाबलं. काही नाही.

"एसएमपीएस गेला," इन्शुरन्सवाला म्हणाला.

"प्रोसेसर उलटा बसलाय," शिक्षक म्हणाले.

"पपा, मागचं बटण," मुलगी आतून ओरडली. एसएमपीएसच्या मागे एक छोटं बटण असतं. ते चालू केलं.

पंखे घुमू लागले. दिवे लागले: तांबडे, निळे, जांभळे, नवरात्रातल्या मंडपासारखे. सगळ्यांनी 'अरे वा' केलं. पण स्क्रीन काळा. एक मिनिट झालं. काळा. बोर्डावर एका कोपऱ्यात एक बारीक पिवळा दिवा लागला होता, त्याच्याशेजारी रॅमचं नाव.

"रॅम," सगळे एकदम म्हणाले.

आणि माझ्यातला तो खोडरबरवाला मुलगा जागा झाला. बंद केलं, रॅम काढली, घासली, परत घातली. चालू. पंखे, दिवे, पिवळा ठिपका, काळा स्क्रीन. एक मिनिट थांबलो. विरारच्या गाडीत वाढलेल्या माणसाला एक मिनिट म्हणजे काय ते सांगायला नको. गाडी थांबायच्या आत आम्ही चढतो, थांबल्यावर चढतात ते फक्त नवखे. पूल चढताना आम्ही जिन्याकडे बघत नाही, इंडिकेटरकडे बघतो. अशा माणसाला काळ्या स्क्रीनसमोर एक मिनिट बसवणं ही शिक्षा आहे. बंद केलं. रॅम दुसऱ्या खाचेत. चालू. पिवळा. बंद. आधीच्या खाचेत. चालू. पिवळा. पाचव्यांदा मी रॅम उपटली तेव्हा आतापर्यंत गप्प असलेले सिग्नलवाले काका म्हणाले, "पिवळा आहे ना?"

"हो."

"मग बंद का करताय? तांबडा असता तर गोष्ट वेगळी. पिवळा म्हणजे पुढे लाइन तयार होतेय. सावकाश. गाडी येणार आहे."

कुणी लक्ष दिलं नाही. काकांनी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटर वापरलेला नव्हता. मी भाच्याला फोन लावला, सगळं सांगितलं.

"किती वेळ थांबलात?"

"एक मिनिट."

"मामा, डीडीआर ५ आहे. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमची ओळख करून घेतो. कधी कधी पाच-पाच मिनिटं लागतात. तुम्ही दर वेळी बंद केलंत की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. आता मामा, हात लावू नका. चहा करा."

चहा केला. सात कप. कुणी बोलेना. काळ्या स्क्रीनसमोर सात माणसं कप हातात घेऊन बसली होती, निकालाच्या दिवशी बसतात तशी. सिग्नलवाले काका तेवढे बिस्किट बुडवून खात होते. कुठल्याशा मिनिटाला स्क्रीन पांढरा झाला आणि इंग्रजीतून चार ओळी उमटल्या. मी वाचल्या. नवा प्रोसेसर दिसतोय, टीपीएमची नोंद बदलायची का? हो असेल तर वाय दाबा, नाही तर एन.

ज्या टीपीएमपायी हा सगळा खटाटोप झाला, त्याचंच नाव घेऊन यंत्राने तोंड उघडलं होतं. आणि पहिलाच प्रश्न हो-नाहीचा.

"एन," शिक्षक म्हणाले. "काही बदलायचं नाही म्हणजे नाही."

"वाय," इन्शुरन्सवाला म्हणाला. "नवी पॉलिसी, नवी नोंद."

मतं घ्यायची वेळ आली. तीन वाय, तीन एन. काकांना विचारलं. ते म्हणाले, "आता हिरवा आहे. काहीही दाबा." बायकोने कप उचलता उचलता वाय दाबला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तो कॉम्प्युटर आता हॉलमध्ये टेबलावर आहे, जमिनीवर नाही. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते आणि आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. तेव्हा ज्यांचे सीपीयू टेबलाखाली होते त्यांना ते टेबलावर उचलायला सुचेपर्यंत उशीर झाला होता. त्यामुळे वसई-विरारमध्ये कॅबिनेट खाली ठेवणाऱ्याला मी शहाणा समजत नाही.

खोके मात्र टाकू नयेत. वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर मूळ खोका मागतात. आमचे सगळे खोके माळ्यावर गेले. परवा दिवाळीचा कंदील शोधायला बायको माळ्यावर चढली आणि बराच वेळ वरून नुसता खुडबुडीचा आवाज येत राहिला. मोठ्या खोक्यात लहान खोका, त्यात पुठ्ठ्याची घडी, त्यात प्लास्टिकची डबी. एकेक उघडत गेली.

"काय आहे आत?" मी खालून विचारलं.

तिने वरून हात खाली केला. बोटांत एक पांढरी चिमुकली पुडी होती, सिलिका जेलची. "वाळूच आहे," ती म्हणाली. "आणि वर लिहिलंय, खाऊ नका."